पाच भोकांचं बटण

आमच्या बटणांच्या कारखान्यात एक खोली होती, तिला सगळे जुळणीची खोली म्हणायचे. तिला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती, कारण रंगाला रंग लावून बघायचा तर उजेड उत्तरेचाच लागतो. उरलेल्या तिन्ही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते, मोजून अकराशे चाळीस. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतलं एकेक बटण तारेने बांधलेलं असायचं. त्या खोलीत माझे धाकटे दीर बसायचे. कारखान्यात त्यांना जुळणीकाका म्हणत, मी भाऊजी म्हणे. मी शेजारच्याच खोलीत, फोनवर. मधल्या भिंतीत काच बसवलेली होती. तिच्यातून ते मला दिसायचे, आणि काच नीट बसत नसल्यामुळे ऐकूही यायचे.

मी तिथे लागले एकोणिसाव्या वर्षी. तेव्हा थोरले मालक होते. एकदा एक बाई मुलाचा कोट घेऊन फाटकाशी आली. कोट चांगला होता, फक्त एक बटण गेलेलं. पहारेकऱ्याने तिला सांगितलं, इथे बटणं हजारांनी मिळतात, एकेक नाही. थोरले मालक वरून ऐकत होते. ते खाली आले, स्वतः गोदामात शिरून जोडीचं बटण शोधून आणलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "एक बटण हरवलं की अख्खा कोट कपाटात जाऊन पडतो. बाकीची बटणं धड असतात, पण माणूस शिव्या देतो ते आपल्यालाच." तेव्हापासून नियम झाला. ज्याचं बटण हरवलं असेल त्याने उरलेल्यांपैकी एक आमच्याकडे पाठवायचं, आम्ही त्याच्या जोडीचं फुकट पाठवायचं. कोणीही असो, कुठलाही असो, नाही म्हणायचं नाही.

लोक पुठ्ठ्यावर बटण शिवून पाठवायचे आणि सोबत चांगलं चार पानी पत्र. बटण कुठे तुटलं, कोणाच्या लग्नात तुटलं, कोणामुळे तुटलं. भाऊजी पत्रं मोठ्याने वाचायचे आणि मी काचेपलीकडून ऐकायची. पुढे पत्रांच्या जागी मेल आल्या आणि पुठ्ठ्याच्या जागी फोटो आला. भाऊजींना फार फरक पडला नाही. फोटो उघडायचा, डोळे बारीक करून बघायचं, उठायचं आणि सरळ त्या खणापाशी जायचं. दिवसाला वीस-पंचवीस अनोळखी माणसांच्या मेल ते उघडत. तेच त्यांचं काम होतं.

अशात आमच्या समोरची दोऱ्याची गिरणी अकरा दिवस बंद पडली. तिथल्या एका कारकुनाने कुठल्याशा परक्या मेलमधलं काहीतरी उघडलं, आणि सकाळी बघतात तो एकही कॉम्प्युटर चालेना. धाकटे मालक रोज खिडकीतून त्या बंद फाटकाकडे बघत उभे राहायचे. बाराव्या दिवशी त्यांनी बाहेरून एक मुलगी बोलावली, आम्हाला शिकवायला.

मुलगी हुशार होती. जेवणाच्या खोलीत आम्हा बेचाळीस जणांना बसवून ती म्हणाली, "हल्ला करणारा भिंत फोडून येत नाही. आतलाच कोणीतरी त्याला दार उघडतो. याला फिशिंग म्हणतात. ते गळ टाकतात, आपण अडकतो."

पॅकिंगमधल्या एका बाईने विचारलं, "गळाला आमिष काय लावतात?"

"ज्याला जे आवडतं ते."

"मग मला रजा मंजूर झाल्याची मेल पाठवा. मी लगेच अडकते."

धाकटे मालक शेवटच्या रांगेत बसले होते. ते आपल्या बुटांकडे बघू लागले.

घाई करणाऱ्या मेलवर विश्वास ठेवायचा नाही, अनोळखी माणसाने पाठवलेलं काही उघडायचं नाही, मेलमधल्या पत्त्याची किंवा नंबरची खात्री दुसऱ्या वाटेने करून घ्यायची, आणि शंका आली तर ती मेल तिच्याकडे पाठवायची, असं तिने सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, "पुढचे तीन महिने मी स्वतःच तुम्हाला अधूनमधून खोट्या मेल पाठवणार आहे. बघू कोण कोण अडकतं."

भाऊजींनी हात वर केला. "न उघडता जुळवायचं कसं?"

"काय जुळवायचं, काका?"

"बटण."

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मला तेव्हाच शंका आली. अनोळखी माणसाचं काही उघडू नका हे भाऊजींना सांगणं म्हणजे न्हाव्याला परक्याच्या डोक्याला हात लावू नका म्हणण्यासारखं होतं.

त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव गळवाली पडलं. तिची पहिली मेल आली ती अशी: 'तुमचं पार्सल परत आलं आहे, तपशिलासाठी इथे दाबा.' भाऊजींची पार्सलं अधूनमधून परत येतच. त्यांनी दाबलं. पडद्यावर तोंडात गळ अडकलेला एक मोठा निळा मासा आला आणि खाली ओळ आली, 'तुम्ही गळाला लागलात.' आता भाऊजींची सवय अशी, की ते चित्र बघत, चित्राखालचं वाचत नसत. ते उठले आणि लहान मुलांच्या बटणांचे खण शोधू लागले. मला काचेतून दिसत होतं. बदक निघालं, जहाज निघालं, ससा निघाला. पंचवीस मिनिटांनी नऊशे सदतिसाव्या खणात मासा सापडला. त्यांनी समाधानाने खुर्चीत बसून उत्तर लिहिलं: 'मासा मिळाला. फोटोतल्यासारखा निळा नाही, पिवळा आहे. तोंडात गळही नाही. चालत असल्यास पत्ता कळवावा.'

गळवाली स्वतः खाली आली. बिचारीला हसावं की रागवावं कळेना. "काका, तो मासा म्हणजे तुम्ही आहात," ती म्हणाली.

"मी पिवळा नाही," भाऊजी म्हणाले.

दुसरी मेल तिने नीट विचार करून लिहिली. आजोबांचा कोट, आजोबा आता नाहीत, एक बटण हरवलंय, फोटो सोबत जोडलाय. आता सांगा, तेहतीस वर्षं हेच काम केलेला माणूस काय करेल? त्यांनी फोटो उघडला आणि तोच मासा पुन्हा आला. या वेळी त्यांनी खालची ओळ वाचली. मी काचेवर टकटक केलं तरी वळले नाहीत.

संध्याकाळी धाकटे मालक त्यांच्या खोलीत आले. ते माणूस वाईट नव्हते. थोरल्यांचा आवाज त्यांना मिळाला नव्हता, एवढंच. त्यामुळे कडक बोलायचं झालं की ते खणांकडे बघून बोलत.

"काका, तिसऱ्यांदा असं झालं तर मला तुमचा कॉम्प्युटर काढावा लागेल."

"मग मेल कोण बघणार?"

"कोणी नाही. जुळणी बंद करू. टपालाने आता महिन्याला दोन पत्रं येतात, तेवढ्यासाठी खोली कशी ठेवायची? खण गोदामात हलवू. तुम्ही पॅकिंगमध्ये बसा, तिथे ऊबही असते."

"मला थंडी वाजत नाही," भाऊजी म्हणाले. मालक गेल्यावर त्यांनी एकेका भिंतीसमोर उभं राहून खण पुसायला घेतले.

आम्ही एकाच घरात राहायचो, मी वर आणि भाऊजी-जाऊबाई खाली. जेवण एकत्र. त्या दिवशी मी पानावरच विषय काढला. जाऊबाई म्हणाल्या, "यांना कोणी 'हरवलं' म्हटलं की हे पायात चपला घालतात. लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही हो हे."

"तुझ्या भावाचं ओव्हरकोटाचं बटण कोणी शोधून दिलं?" भाऊजी म्हणाले.

"म्हणून तर लग्न झालं," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी वाढलं.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं दुखणं वेगळं आहे. कोणी गळ टाकला तर तुम्ही अडकणार नाही. कोणी गळ घातली की अडकता."

"दोन्हीत फरक काय, वहिनी?"

"टाकलेल्या गळाला मासा लागतो, घातलेल्या गळीला माणूस."

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांची शिकवणी घेतली. कागदाच्या चिठ्ठ्यांवर पत्रं लिहायची, काही खरी, काही खोटी, आणि जेवताना त्यांच्या ताटाखाली सरकवायची. त्यांनी ओळखायचं. सुरुवातीला ते प्रत्येक चिठ्ठी वाचून हळहळायचे. मी रचलेल्या एका विधवेसाठी त्यांचे डोळे भरून आले. मग हळूहळू कळू लागलं. जाऊबाईंनी तेवढ्यात साधून घेतलं. त्यांची चिठ्ठी निघाली: 'माळ्यावरचा मोठा डबा आजच्या आज खाली काढून द्यावा, अन्यथा सेवा बंद करण्यात येईल.'

"खोटी," भाऊजी म्हणाले. "घाई आहे, धमकी आहे, खाली सही नाही." आणि डबा पुढे दोन आठवडे माळ्यावरच राहिला.

पण चिठ्ठी ओळखणं वेगळं आणि फोटोला हात न लावणं वेगळं. तिथे मला माझ्या जुन्या दिवसांचा उपयोग झाला. फोन जोडायला फळीवरच्या भोकांत दोऱ्या खुपसाव्या लागत, त्या काळातली गोष्ट. एका माणसाचा फोन आला. गोड आवाज. म्हणाला, मालक कोणत्या दिवशी बाहेरगावी असतात तेवढं सांगा, घाईत आहे. मी म्हटलं, थांबा, बघून सांगते, आणि रिसीव्हर बाजूला ठेवून माझी बाकीची कामं केली. गृहस्थ पाऊण तास थांबले, मग कंटाळून गेले. महिनाभराने कळलं, अशाच आवाजाने विचारून कोणीतरी शेजारच्या टोपीवाल्याचं दुकान साफ केलं होतं. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली. खरा माणूस आधी आपली हकिकत सांगतो, काम मागाहून निघतं. आणि त्याला एक प्रश्न विचारला की तो पाच उत्तरं देतो. लबाडाला प्रश्न आवडत नाहीत.

"मग विचारायचं काय?" भाऊजी म्हणाले.

"तुम्हीच सांगा. फोटो न बघता बटण ओळखायचं झालं तर काय विचाराल?"

त्यांनी घास हातात धरून विचार केला. "कपडा कोणता. भोकं किती. हरवलं कसं."

झालं. प्रत्येक मेलला आधी हे तीन प्रश्न जाऊ लागले. आणि काय सांगू, जुने दिवस परत आले. लोक पानंच्या पानं लिहू लागले. एका बाईने भोकं चार असं लिहून पुढे आपल्या नणंदेचा पूर्ण स्वभाव लिहिला. एका निवृत्त इंजिनवाल्याने बटणाचं माप इतकं बारकाईने दिलं, की भाऊजींनी फोटो न उघडताच पाकीट बंद केलं. ते पुन्हा मोठ्याने वाचू लागले आणि मी फोन घेता घेता ऐकू लागले. दोन-चार जणांनी उत्तरच दिलं नाही. त्या मेल भाऊजींनी एका बाजूला काढल्या आणि त्यांना हात लावला नाही.

तिसऱ्या महिन्यात एक मेल आली. बटण हरवलंय, फोटो जोडलाय, मदत करावी. भाऊजींनी तीन प्रश्न पाठवले. तासाभरात उत्तर आलं: 'कपडा: कोट. भोकं: पाच. हरवलं कसं: ते माहीत असतं तर हरवलं नसतं.'

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला आणि भाऊजी माझ्या दारात उभे राहिले. "वहिनी, पाच."

"काय पाच?"

"भोकं. पाच भोकांचं बटण. तेहतीस वर्षांत मी पाहिलेलं नाही. दोनाचं आहे, चाराचं आहे. तिनाचंसुद्धा आहे, आठशे बारावा खण. पाच नाही."

"मग खोटं असेल."

"खोटं बोलणारा दोन म्हणेल, चार म्हणेल. पाच कशाला म्हणेल?"

हे मलाही पटण्यासारखं होतं.

"फोटो तिथेच आहे," ते म्हणाले. "एकदा दाबलं की दिसेल."

"आणि मासा दिसला तर? पॅकिंगमध्ये बसाल."

ते परत जाऊन बसले. मला काचेतून त्यांचा हात दिसत होता. माऊसवर जायचा, परत मांडीवर यायचा. दुपारी त्यांनी कागदावर पाच भोकांची बटणं काढून बघितली, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, मग पाचही गोलाकार. घरी जेवताना ताटातले वाटाणे मांडून बघितले. जाऊबाई म्हणाल्या, "आता काय हरवलं?"

"अजून सापडलंच नाही," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "गळवालीने सांगितलंय ना, शंका आली तर तिच्याकडे पाठवा. ती सुरक्षितपणे उघडेल."

"तिने न बघता पुसून टाकलं तर? जगातलं एकच असेल कदाचित."

"तसं लिहा तिला."

तो दिवसही गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या, अंगातला कोटही न काढता, त्यांनी ती मेल गळवालीकडे पाठवली. वर त्यांनी काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: 'सदर मेलचा संशय आहे. मी उघडलेली नाही. आपल्याला सुरक्षितपणे उघडता येत असल्यास कृपया भोकं मोजून कळवावं. पाच असल्यास काहीही पुसू नये.' मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना बघून मला एकदम ते चौदा वर्षांचे असतानाचे आठवले. मी त्या घरात नवी आले होते, त्यांच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता, आणि ते असेच दिवसभर खिडकीशी उभे होते. त्या वेळी नापास झाले होते.

निकाल आठवडाभराने जेवणाच्या खोलीत लागला. गळवालीने कागद बघून सांगितलं, "शेवटच्या फेरीत बेचाळीसपैकी एकोणीस जण अडकले." पॅकिंगवाली बाई अडकली होती, रजेच्याच मेलला. धाकटे मालकही अडकले होते. त्यांना कुठल्याशा मंडळाने आदर्श उद्योजक म्हणून निवडल्याची मेल आली होती, आणि त्यांनी लगेच आपला फोटो पाठवून दिला होता. मालक पुन्हा बुटांकडे बघू लागले. "बावीस जणांनी मेल उघडली नाही, पण कोणाला सांगितलंही नाही. माझ्याकडे नियमाप्रमाणे संशय कळवणारा माणूस फक्त एक. जुळणीकाका."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तर उभी राहून वाजवल्या. मालक म्हणाले, "काका, खोली तुमची. खण हलवायचा विषय संपला."

भाऊजींनी मान डोलवली. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "भोकं किती होती?"

गळवालीला आधी कळेना. मग कळलं. "काका, फोटोच नव्हता. मीच लिहिली होती ती मेल. तुम्ही उलट प्रश्न विचारलेत, मला काय उत्तर द्यावं सुचेना, म्हणून एक आकडा टाकला."

"सहज?"

"सहज."

"म्हणजे ते बटण नाहीच?"

"नाही, काका."

"चार टाकायचं," भाऊजी हळूच म्हणाले आणि खाली बसले. लोक येऊन पाठ थोपटत होते, आणि ते एखाद्या ओळखीच्या माणसाची वाईट बातमी ऐकल्यासारखे बसले होते. घरी जाऊबाईंनी खोली राहिली म्हणून गोड केलं. त्यांनी ते नीट खाल्लं, पण मध्येच म्हणाले, "तशी अडचण काहीच नाही पाच पाडायला."

सोमवारी ते साचेवाल्याकडे गेले. साचेवाला आमच्याइतकाच जुना. त्याने विचारलं, "ऑर्डर कोणाची?"

"हरवलेलं आहे," भाऊजी म्हणाले.

यापुढे साचेवाल्याने काही विचारायचं नव्हतंच, नियमच तसा होता. गुरुवारी बटण तयार झालं. गडद तपकिरी, कोटाच्या मापाचं, चार भोकं कडेला, एक मध्ये. आता शिवायचं कसं हा प्रश्न आला. सुईने मधल्या भोकातून वर यायचं, कडेच्या एकात उतरायचं, पुन्हा मधून वर. चार फेऱ्यांत वर फुलीसारखी नक्षी उमटते. जाऊबाईंनी आपल्या जुन्या कोटाच्या अस्तरावर ते बारा वेळा शिवून आणि उसवून दिलं. शेवटच्या वेळी त्या म्हणाल्या, "पक्कं बसतं हो हे. चारापेक्षा पक्कं." भाऊजी त्या दिवशी अर्धा तास लवकर झोपायला गेले.

मग त्यांनी गळवालीच्या त्या खोट्या पत्त्यावर मेल लिहिली: 'आपल्या पाच भोकांच्या बटणाची जोड मिळाली. शिवण्याची रीत सोबत पाठवू. टपालाचा पत्ता कळवावा.' दोन दिवस उत्तर नाही. गळवालीचं आमच्याकडचं काम संपलं होतं, ती मेल ती अजून बघते की नाही कोण जाणे. तिसऱ्या दिवशी काचेवर टकटक झाली. उत्तर आलं होतं. घर नंबर, तिसरा मजला, डाव्या हाताचं दार, घंटा बंद आहे, दार वाजवावं. आणि खाली: 'कोट खरंच आहे, काका. आजोबांचाच. त्याला एक बटण नाही हेही खरं आहे. भोकं बहुतेक चार आहेत, पण मला पाचाचं चालेल.'

मी म्हटलं, "घाला पाकिटात. पोस्टाची गाडी येईलच आता."

भाऊजींनी पाकीट घेतलं, पत्ता लिहायला पेन उघडलं, आणि थांबले. "वहिनी, हा पत्ता मेलमधून आलाय. मेलमधल्या पत्त्याची दुसऱ्या वाटेने खात्री करायची, असं तिनेच सांगितलंय. तिच्या नावाने दुसऱ्याच कोणी लिहिलं असेल तर?"

"एका बटणासाठी?"

"पाच भोकांच्या," ते म्हणाले. "तिला फोन लावा. नंबर मेलमधला नको, तिने भिंतीला लावून दिलेल्या कागदावरचा घ्या."

मी भिंतीवरचा नंबर फिरवला. पलीकडून तिचाच आवाज आला, पण मी भाऊजींचं काम सांगताच ती सावध झाली. कोण बोलतंय, कुठून बोलताय, पत्ता कशाला हवाय, म्हणाली. मी रिसीव्हर भाऊजींच्या हातात दिला. त्यांनी जरा वेळ ऐकलं, मग बोलायच्या भोकावर हात ठेवून मला म्हणाले, "वहिनी, ती आपल्यावरच संशय घेतेय." तोंडावर असा आनंद, की मला त्यांच्याकडे बघवेना.

मग ते खुर्ची ओढून बसले आणि आपण आपणच आहोत हे तिला पटवून देऊ लागले. थोरल्या मालकांपासून सुरुवात केली. माझ्या फळीवर दोन दिवे लुकलुकत होते, बाहेर पोस्टाच्या गाडीचा भोंगा वाजला. मी गाडीवाल्याला हाताने थांबायची खूण केली आणि दिवे लुकलुकू दिले.